कागद तहसीलदाराला दाखवायचा, शेजाऱ्याला नाही

पत्र

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. वय 34. चार एकर कोरडवाहू अन् गाद्या भरायची मशीन. गावात आमची मुसलमानाची अकरा घरं, आम्ही पिंजारी. माह्या आज्यानं अन् बापानं अख्ख्या गावाच्या गाद्या-रजया भरल्या. पोळ्याच्या आठ दिवस आधी अब्बा गेले. कब्रस्तानाची वाट एका शेताच्या धुऱ्यानं (बांधानं) जाते. औंदा त्या शेतकऱ्यानं पेरणीच्या वक्ताले तारेचं कुंपण केलं अन् पार वाटेवर तूर पेरली. आम्ही जनाजा नाल्यातून नेला, मांडीएवढं पाणी होतं. गावातली पोरं खांदा द्यायले होती, खोटं कायले सांगू.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी वाटेचा विषय काढला. मागून एक जण बोलला, तालुक्याले तुमची मोठी वस्ती आहे, तिकडंच जा ना. दुसरा म्हणे, कधीपासून आहे इथं, कागद दाखव. सरपंच म्हणाले, आम्ही तुमाले नेहमी सांभाळून घेतलं, आता वाद वाढवू नको. माहा लहानपणचा दोस्त बाजूले बसला होता, तो खाली पाहत राह्यला. रात्री गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या दुकानातून घ्यायचं अन् कोणाच्या नाही, असा मेसेज आला. कोणीच काही बोललं नाही. बायको म्हणते तालुक्याले तिच्या माहेराजवळ जाऊ. अम्मी म्हणते, ते इथं निजले, मी कुठं जाऊ. मी भांडू का जाऊ, तुम्ही सांगा.

— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर

भाऊ,

बाकी सगळं थोडं बाजूला ठेवून आधी एक विचारते. अब्बांच्या मृत्यूची नोंद झाली का? नियमानं 21 दिवसांत ग्रामपंचायतीत कळवायचं असतं. घरात मयत झाली की हे कोणाला सुचत नाही, माझ्या वडिलांच्या वेळी मलाही सुचलं नव्हतं. राहिली असेल तर या आठवड्यातच जा, लेखी परवानगी घेऊन, विलंब शुल्क भरून काम होतं. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि एका दाखल्यापायी तहसीलच्या व्हरांड्यात उन्हाळा निघतो. दाखला हाती आला की तलाठ्याकडे वारसाचा अर्ज टाका. सात-बारावर अम्मीचं, तुमचं, बहिणी असतील तर त्यांचंही नाव चढू द्या. (बहिणींची नावं गाळायची रीत आपल्याकडे सगळ्याच जातिधर्मांत जोरात आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.) राहतं घर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, कोणाच्या नावानं आहे, तेही बघून या.

तहसीलला जालच, तर रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची नक्कल मागा. आपल्या विदर्भात गावचा जन्म-मृत्यू पूर्वी कोतवाल बुकात चढायचा. तुमच्या आज्याच्या नावापुढं अमुक तारखेला मुलगा झाला अशी एखादी ओळ त्यात सापडेल, जातीच्या रकान्यासकट. ती ओळ सोन्याची समजा. ओबीसीच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात आणि पिंजारी त्या यादीत आहेत. पोरांच्या पुढच्या शिक्षणात याच कागदावरून धावपळ होते. अब्बा ज्या शाळेत दोन-चार यत्ता शिकले असतील, तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उताराही काढून ठेवा. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. ती रजिस्टरं कशी वाळवी खाते ते पाहिलंय, म्हणून घाई करा म्हणते.

आता हे सगळे कागद काढा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवा. पण ग्रामसभेत मागून जो ओरडला, त्याला त्यातला एकही दाखवू नका. रागानं सांगत नाही. कागद तहसीलदाराला दाखवायचा, तलाठ्याला दाखवायचा, ज्याला मागायचा अधिकार आहे त्याला दाखवायचा. शेजाऱ्याला तो अधिकार कोणी दिला? आज एकाला दाखवलात की उद्या दुसरा म्हणेल मला दिसला नाही, परवा तिसरा म्हणेल नक्कल बनावट आहे. त्या भल्या माणसाला त्याच्या आज्याची कोतवाल बुकातली ओळ काढायला सांगितली तर तोही तीन महिने फिरेल. पण त्याला कोणी सांगत नाही आणि तुम्हाला सांगतात. तुमचं सगळं दुखणं या एवढ्या फरकात आहे.

सरपंचांच्या वाक्यावर मात्र मी अडले. त्याचं कारण माझ्याच घरात आहे.

माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं. दिवाळीच्या आधी आमच्याकडे एक पिंजारी यायचा, खांद्यावर ते भलं मोठं पिंजण घेऊन. ओसरीवर चादर अंथरून बसायचा. तातीचा टणटण आवाज सुरू झाला की आम्ही पोरं गोळा. दुपारपर्यंत त्याच्या भुवयांवर, दाढीवर, आमच्या वेण्यांवर सगळीकडे कापूस. ओसरीच्या देवळीत एक कपबशी उपडी घातलेली असायची. निळ्या फुलांची, कपाचा कान तुटलेला. आई त्याच्यासाठी चहा करायची तो आमच्या चहाहून चांगला, आलं ठेचून, साखर जास्त. भांड्यातून उंचावरून त्या कपात ओतायची. तो प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि पुन्हा देवळीत उपडा घालायचा. आई त्याला दादा म्हणायची. त्याच्या मुलीच्या लग्नात आईनं स्वतःच्या पेटीतलं लुगडं काढून दिलं होतं. तो वारल्याचं कळलं त्या दिवशी आई जेवली नाही.

आणि कप देवळीतच होता.

मी तेव्हा डी.एड.ला होते. पाठाच्या वहीत समानतेवर सुंदर अक्षरात टाचण काढत होते. तो कप उचलून मोरीतल्या बाकी कपांत नेऊन ठेवायला मला दोन मिनिटं लागली असती. ठेवला नाही. पुढं जुनं घर पाडलं तेव्हा देवळी गेली आणि तिच्यासोबत कप गेला. आमच्यापैकी कोणी तो हलवला असं नाही झालं.

म्हणून तुमचे सरपंच 'सांभाळून घेतलं' म्हणतात ते मला खोटं वाटत नाही. तुमच्या गावात माया असेल, नव्हे आहेच. पोरांनी मांडीभर पाण्यात खांदा दिला, तो मनापासूनच दिला असणार. पण जिथं एक सांभाळणारा आणि एक सांभाळला जाणारा असतो, तिथं वाट कोणाची आणि किती फुटांची, हे सांभाळणाऱ्याच्या मर्जीवर राहतं. मर्जी असली की चहात आलं, नसली की तारेचं कुंपण. तुम्ही ग्रामसभेत उभे राहिलात ते माया मागायला नव्हे, हा घोळ आधी तुमच्या मनातून गेला पाहिजे. भांडलो तर संबंध तुटतील अशी भीती तुम्हाला वाटते. मी म्हणते, एवढी वर्षं जो संबंध होता तो तुम्ही काही मागितलं नाही तोवरचा होता. मागितल्यावरही जो टिकेल तो खरा.

4 नोव्हेंबर 1948 ला घटनेचा मसुदा संविधान सभेपुढं ठेवताना बाबासाहेब अल्पसंख्याकांवर बोलले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, अल्पसंख्याकांनी बहुसंख्याकांचं राज्य निष्ठेनं मान्य केलं आहे, आता भेद न करणं हे बहुसंख्याकांचं कर्तव्य आहे. ज्या दिवशी बहुसंख्य लोक भेद करायची सवय सोडतील, त्या दिवशी अल्पसंख्य म्हणून वेगळं उरायला कारणच राहणार नाही. त्यांनी दुष्टपणा म्हटलं नाही, सवय म्हटलं. तो शब्द मला आमच्या देवळीतल्या कपासाठीच वापरल्यासारखा वाटतो. पुढं 1949 मध्ये त्याच सभेत धर्माच्या नावावरच्या राखीव जागा सोडून द्यायचं ठरलं. त्या सोडाव्यात म्हणणाऱ्यांत बेगम ऐजाज रसूल होत्या, सभेतल्या एकुलत्या एक मुस्लिम बाई. राखीव जागा आपल्याला बाकीच्यांपासून तोडतात, असं त्यांचं मत होतं. म्हणजे तुमच्या-माझ्या आज्याच्या पिढीनं हा व्यवहार विश्वासावर केलेला आहे आणि एका बाजूनं आपला शब्द आधीच पाळला आहे. यात सांभाळून घेण्यासारखं काय आहे, हे सरपंचांना कधी निवांत विचारा. आज नको.

आता वाटेकडे येते, कारण वाट मिळण्यासारखी आहे.

जमीन महसूल संहिता 1966 ची आहे. तिच्यातली कलमं 161 ते 167 सगळ्या महाराष्ट्रात फक्त विदर्भाला लागू आहेत, हे आपल्याकडच्या पुष्कळ वकिलांनाही चटकन आठवत नाही. त्यात दोन जुने कागद येतात, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावातल्या बिनवहिताच्या सरकारी जमिनीचा कोण कशासाठी वापर करतो, चराई कुठं, मसणवट कुठं, दफनाची जागा कोणती, हे निस्तार पत्रकात असतं. खासगी शेतातून जाण्या-येण्याच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जात नोंदतात, कलम 165. तुमची वाट धुऱ्यानं जाते, म्हणजे तुमच्या कामाचा खरा कागद हा आहे. (नावच बघा. फारसी-अरबी नाव, विदर्भातल्या गावांच्या दप्तरात बसलेलं, त्याला कोणी विचारलं नाही कधीपासून आहेस म्हणून.) दोन्हींच्या नकला तहसीलमधून काढा. सोबत भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा. नकाशावर तुटक रेषा दिसतात, एकेरी म्हणजे पायवाट, दुहेरी म्हणजे गाडीवाट, पांदण. कब्रस्तानापर्यंत अशी रेषा गेली असेल तर अर्धं काम झालं. कब्रस्तानाची जागा ई-क्लासमध्ये, म्हणजे सरकारी जमिनीत, आहे की वक्फ मंडळाकडे नोंदलेली, तेही याच फेरीत कळेल. अर्ज कोणाकडे करायचा ते त्यावर ठरतं.

नकला आल्या की लगेच तक्रार करू नका. आधी त्या शेतकऱ्याकडे जा.

पत्रात तुम्ही त्याच्याबद्दल एक अक्षर वाईट लिहिलं नाही, ते मला दिसलं. तो कट्टर आहे म्हणून कुंपण घातलं, की रोही-डुकरांनी पीक खाल्लं म्हणून घातलं, की शेजाऱ्यानं धुरा कोरला म्हणून यानं वाट कोरली? आपल्याकडे धुऱ्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. कारण धर्माचं नसेल तर आपण होऊन ते धर्माचं करायचं नाही. आणि असेल तर तेही समोर बसल्यावर चेहऱ्यावर कळतं. तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते. त्याला म्हणा, उभं पीक मोडा असं मी म्हणत नाही, तूर काढून घ्या, मग नकाशाप्रमाणे तार मागं घ्या, मोजणीची फी लागली तर आमची अकरा घरं भरतील. शेतकऱ्याला शेतकऱ्याची भाषा कळते. सोबत कोणाला न्यायचं? सरपंचांना नको, तुमच्या जमातीच्या पुढाऱ्यालाही नको. ज्याच्या शब्दाला दोन्हीकडे वजन आहे असा गावातला एखादा म्हातारा माणूस शोधा. भजनी मंडळातला असला तरी चालेल, सैलानीबाबांच्या दर्ग्याच्या यात्रेला जाणारा असला तर अधिकच बरं. अशी माणसं बुलढाण्यापासून यवतमाळपर्यंत प्रत्येक गावात दोन-चार निघतात.

तो शेतकरी ऐकला तर त्याच बैठकीत साध्या कागदावर लिहून दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. तोंडी समझोता पुढच्या मृगात वाहून जातो.

नाही ऐकला, तर 26 जानेवारीची ग्रामसभा आहे. आठ-दहा दिवस आधी ग्रामसेवकाकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) विषय लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. 2 ऑक्टोबरला तुम्ही आयत्या वेळी उभे राहिलात, म्हणून चार आवाजांत विषय बुडाला. या वेळी तो विषयपत्रिकेवर असेल, आणि चर्चा झाली की 'प्रोसिडिंगवर घ्या' एवढे दोन शब्द मोठ्यानं म्हणायचे. बोललेलं हवेत जातं, प्रोसिडिंग बुकातलं राहतं, नाकारलं तरी राहतं. सार्वजनिक वाटेवरचं अतिक्रमण काढायचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 53 नं पंचायतीला दिलेला आहे. पंचायत हलली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सभेत कलमं मात्र फेकू नका. कलम अर्जात लिहायचं असतं, तोंडानं सांगायचं असतं ते नाल्यातलं पाणी.

अर्ज 'समस्त मुस्लिम समाज' म्हणून करू की 'गावकरी' म्हणून, असा प्रश्न पडेलच. अर्जदार गावकरी. पण वाट कब्रस्तानाची आहे हे पहिल्याच ओळीत लिहा. लपवू नका, लपवलेलं फार लाजिरवाणं दिसतं. आणि अर्ज लिहायच्या आधी गावात एक चक्कर मारा. बौद्धपुऱ्याची मसणवट कुठं आहे? पावसाळ्यात ते कसे जातात? गोंडांची, गोसाव्यांची, लिंगायतांची घरं असतील तर तेही पुरतात, त्यांची जागा कोणती? माझ्या नोकरीच्या चार गावांपैकी तीन गावांत मेलेल्या माणसाला न्यायची वाट ही गरिबाचीच अडचण होती, मग तो कोणत्याही धर्माचा असो. दहन-दफनभूमी आणि तिच्या रस्त्याला जनसुविधेच्या विशेष अनुदानातून पैसा मिळतो, तेव्हा सगळ्यांच्या वाटा एकाच ठरावात बसू शकतात. तुमची अकरा घरं एकटी हात वर करतील तर अकरा हात दिसतील.

बौद्धपुऱ्यात जाल तेव्हा तिथल्या एखाद्या ऐंशीच्या घरातल्या बाबांजवळ तासभर बसा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा घेऊन माणसं गावी परतली आणि मेलेली ढोरं ओढायचं काम टाकून दिलं, तेव्हा कित्येक गावांनी त्यांची मजुरी तोडली, किराणा तोडला. आमच्या शाळेच्या गावातले एक बाबा सांगायचे, पंधरा दिवस शेजारच्या गावाहून डोक्यावर ज्वारी आणली. त्यांनाही 'आम्ही तुम्हाले सांभाळलं' हेच ऐकावं लागलं होतं. गाव सोडावं का, असं त्यांच्याही घरात झालं होतं. त्यांनी काय केलं ते मी सांगण्यात मजा नाही, त्यांच्या तोंडून ऐका. घटनेचं कलम 15 काढून बघा. त्यात दुकानं आली, मग विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते अशी यादी आहे. देशाच्या घटनेत विहिरीचं नाव कशाला, असं शहरातल्या पोराला वाटेल. तुम्हाला नाही वाटणार.

तुमच्या बायकोशीही बोला. म्हणजे तुम्ही बोलताच, पण 'जाऊ' याच्यामागं काय आहे ते विचारा. ती बचत गटात असेल. तिथं कोणी काही बोललं का, हप्त्याच्या बैठकीला हाक येईनाशी झाली का? पुरुषाला ग्रामसभेत एक वाक्य ऐकावं लागतं, बाईला नळावर रोज. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती होते, पण मागितली तर घ्यावी लागते. नाल्यातून मयत नेली हे तिनं तिथं सांगितलं तर बाया खाली बघणार नाहीत. हे मी अनुभवानं सांगते.

आता तुमचा दोस्त. पत्रात त्याच्यावर एकच ओळ आहे, पण मला वाटतं निम्मं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय. त्यानं खाली पाहिलं. त्याच्यावर तुम्हाला राग आहे आणि तो राग बरोबर आहे. मी त्या कपाच्या बाबतीत कित्येक वर्षं खाली पाहिलं, म्हणून त्याची बाजूही मला माहीत आहे. तो तुमच्या विरोधात नव्हता, त्याला सवय नव्हती. त्याला 'तू असा कसा' म्हणून विचारू नका, तो रडेल किंवा चिडेल, आणि दोन्हीनं तुमच्या पदरी काही पडायचं नाही. त्याला एक नेमकं काम सांगा. 26 जानेवारीला माझ्या विषयाला अनुमोदन दे, नाव तुझं लिहू दे. बस. केलं तर दोस्त आहे. नाही केलं तरी शेतावर हाक मारलीत तर येईल असा ओळखीचा माणूस राहील, तेवढंच त्याचं माप समजा आणि पुढं चला.

त्या व्हॉट्सॲप मेसेजचा फोटो काढून तारखेसह ठेवा, उत्तर देऊ नका. ग्रुप सोडूही नका, पाण्याच्या पाळीपासून खताच्या गाडीपर्यंत सगळं त्यावरच येतं. कोणी प्रत्यक्ष धमकी दिली, किंवा उद्या दफनाच्या वेळी कोणी आडवं आलं, तर मात्र थांबायचं नाही. 112 लावा. दफनाच्या जागेत घुसणं, अंत्यविधीला जमलेल्यांना त्रास देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खाली गुन्हा आहे. कोणी सामाजिक बहिष्काराच्या 2016 च्या कायद्याचं नाव घेईल. तो मुख्यतः आपल्याच जातीनं, आपल्याच समाजानं आपल्याच माणसाला वाळीत टाकलं त्यासाठी आहे, तुमच्या प्रकरणात त्याच्या भरवशावर राहू नका.

कोर्टाची वाटही सांगून ठेवते, म्हणजे भ्रम नको. बस्तरच्या एका गावात जानेवारी 2025 मध्ये एका ख्रिस्ती माणसाच्या वडिलांना गावात पुरू दिलं नाही. देह जवळपास तीन आठवडे शवागारात होता. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 27 जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मतं दोन झाली. एक म्हणाल्या, त्यांच्या स्वतःच्या शेतात पुरू द्या. दुसरे म्हणाले, ख्रिस्ती दफनभूमी दुसऱ्या गावी ठरलेली आहे, तिथं न्या. प्रेत अजून पडून राहू नये म्हणून शेवटी दुसऱ्या गावी न्यायचा आदेश झाला. एवढ्या वर जाऊनही माणूस आपल्या गावच्या मातीत गेला नाही. म्हणून मी तुम्हाला तूर निघेपर्यंत थांबून शेतकऱ्याच्या ओसरीवर बसायला सांगते. कायद्यावर माझा विश्वास कमी आहे असं नाही, पण ओसरी जवळ पडते.

तालुक्याहून कोणी मोर्चाची भाषा करत येईल, जिल्हा परिषदेच्या निवडणुका जवळ असल्या तर हमखास येईल. दोन्ही बाजूंचे येतील. चहा पाजा, नंबर घ्या, 26 जानेवारीनंतर कळवतो म्हणा.

राहिलं जायचं. भाऊ, जाण्यात कमीपणा नाही. निम्मा विदर्भ पुण्याला गेलाय, त्यांना कोणी भेकड म्हणत नाही. मशीनच्या धंद्याला तालुका बरा असेल, पोरांची शाळा बरी असेल, तर खुशाल जा. देशात कुठंही राहायचा हक्क घटनेनं दिलाय आणि आहे तिथंच राहायचाही त्याच कलमात येतो. फक्त दुसऱ्याचं अवघडलेपण सोपं करायला जाऊ नका. मागून ओरडणाऱ्याला तुम्ही गेल्यावर एका रात्रीची झोप बरी लागेल, बाकी गावाला कळणारही नाही. आणि जायचंच ठरलं तरी वाटेचा निकाल लागल्यावर जा, कारण तुम्ही गेलात तरी दहा घरं राहतील आणि अम्मीनं तर सांगूनच टाकलंय. घर विकू नका, नमुना 8 वरचं नाव हलवू नका, मतदार यादीतलं नाव निदान अम्मीचं तरी गावातच राहू द्या.

अब्बांचा चाळीसवा झाला असेल. वेचणीचे दिवस आहेत, तुम्हाला वेळ नाही हे कळतं, तरी तहसीलची चक्कर याच महिन्यात करा. डिसेंबरात साहेब लोक नागपूरच्या अधिवेशनाच्या गडबडीत असतात. वाजिब-उल-अर्जाची नक्कल मिळाली की तिचा फोटो मला पाठवा. जुन्या कारकुनांचं अक्षर किचकट असतं, शब्दही निम्मे फारसी. पण तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात, वाचून देईन.